नव्या पिक्चरमधली जुनी उडी

वालूर,
२ नोव्हेंबर

ती. आक्कास,

दगडीचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच रद्दीत टाकू नकोस, आधी वाच. बारा वर्षांनी लिहायलेय. फोन लावला तर तू उचलत न्हाईस. दाजींनी उचलला तर ते स्पीकर चालू करून साऱ्या घराला ऐकवतात. मला जे बोलायचंय ते स्पीकरवर बोलायचं न्हाई.

तुझे गुडघे कसे हायत? दाजींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा राहिलाय, असं भक्तीकडनं कळलं. इकडं ठीक हाय. पावसानं कहर केला, सोयाबीन उभ्या उभ्या काळं पडलं, कापूस तेवढा हाताला लागायलाय. माझं बांगड्यांचं दुकान दिवाळीत बरं चाललं. आमच्या ह्यांनी व्हिडिओचा हॉल मोडून दुकान टाकलं तेव्हा मी चार दिवस जेवले न्हवते. ते गेल्यावर त्याच दुकानानं मला जेवायला घातलं. असं असतं.

तुझी नात भक्ती शनिवार-रविवारी माझ्याकडं मुक्कामाला असते, हे तुला ठाऊक असेलच. कॉलेजातनं निघते ती थेट परभणीच्या स्टँडवर, आणि इथं आली की माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवते. गुणाची पोर हाय. नाक तुझं घेतलंय आणि तोंड माझं.

ती इथं कामून येते, तेच सांगायचंय. आपल्या उंबराच्या बारवेवर एक्याऐंशी साली निघालेला 'उंबराखालचं पाणी' आता नव्यानं काढायलेत. डायरेक्टर पोरगा पाथरीचा हाय, पुण्यात शिकलेला. नाव आदिनाथ. जुन्या पिक्चरची कॅसेट साऱ्या जिल्ह्यात माझ्याकडं एकटीकडं, म्हणून विचारत विचारत दुकानात आला. चहा पिला, मावशी मावशी केलं आणि कॅसेट घेऊन गेला. नव्या पिक्चरचं नाव नुसतं 'उंबर', तेही इंग्रजी अक्षरात. पाणी काढून टाकलं म्हणे, लांबड होत होती.

जुन्याचं नवं करायचं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणायचा, असं माझं आधीपासनं मत हाय. ह्यांच्या हॉलमधे तिकिटं फाडता फाडता मी जुने आणि त्यांच्यावरनं काढलेले नवे, दोन्ही बघितले. कुठं मीठ कमी पडलंय ते मला लगेच कळतं. जुन्यात सासू नुसती उंबऱ्यात येऊन उभी राहिली तरी हॉलमधल्या बाया पदर सावरायच्या. नव्यात सासू घसा बसेस्तोवर ओरडते आणि लोक मोबाईल बघत बसतात. जुन्यात गाणं म्हणजे गाणं असायचं. नव्यात गाणं चालू असताना हिरो मोटारसायकलवर कामून असतो, ते मला अजून कळलं न्हाई. एवढं खरं की नव्यात बायांना लय मार खावा लागत न्हाई. तेवढं मला आवडतं.

आपल्या पिक्चरमधली जानकी तुला आठवत असंलच. सासरच्या जाचाला कंटाळून उंबराजवळच्या काठावरच्या दगडी चिऱ्यावरनं बारवेत उडी घेते आणि वर येत न्हाई. पाण्यावर लुगडं पसरतं आणि पिक्चर संपतो. नव्यात ती वर येते. ओल्या अंगानं पायऱ्या चढते आणि एकेकाला धरते. आदिनाथ म्हणाला, "मावशी, आजच्या बाईनं मरायचं नाही." मी म्हणले, बरोबर हाय बाबा, पण जुनीला तरी कुठं मरायची हौस होती.

आता मुद्द्यावर येते. नवी हिरोईन मुंबईची हाय, पाण्याला भिते. म्हणून उडीपुरती दुसरी पोरगी पाहिजे होती. तेव्हाही अशीच पाहिजे होती आणि तू मिळालीस. ह्या वेळी गावानं एका तोंडानं सांगितलं, दुसरी कशाला, नर्मदाबाईची नात हाय की! आजीनं मारली तिथनंच नात मारणार. आदिनाथ तर नाचायलाच लागला. आजी आणि नात, एकच चिरा, एकच उडी. पेपरवाले आपणहून येतील म्हणतो.

आक्का, तू हो म्हणलीस का? भक्ती म्हणते, आजी काही बोलली न्हाई, नुसती हसली. तुझं ते हसू मला माहीत हाय.

यंदा बारव काठोकाठ भरलीय. पाणी हिरवंगार, आतलं काही दिसत न्हाई. त्या पाण्यात काय हाय ते दोन माणसांना माहीत हाय, एक तू आणि एक मी. पोरीला जवळ बसव आणि तेवढं सांग. बाकी कुणाला सांगू नकोस, माझं काही म्हणणं न्हाई. बारा वर्षांमागं उडीबद्दल झालेल्या तुझ्या सत्काराला मी हसले त्याचा राग अजून असंल तर असू दे. तो माझ्यावर काढ, पोरीवर नको.

उत्तराची वाट बघते.

तुझी,
दगडी


वालूर,
११ नोव्हेंबर

ती. आक्का,

उत्तर न्हाई. पोस्टानं पत्र हरवलं म्हणावं तर भक्ती म्हणते, आजीला पाकीट आलं होतं, आजी देवघरात जाऊन वाचत होती. म्हणजे वाचलंस आणि गप्प बसलीस. गप्प बसायला तू पहिल्यापासनं उस्ताद.

परवा आदिनाथनं दुकानातच संगणक उघडला आणि जुना पिक्चर लावला. उडीचा तुकडा तो पुन्हा पुन्हा मागं घ्यायलेला. दहाजण जमले. पोरगा म्हणाला, "बघा, काय ताबा आहे अंगावर! पडताना माणूस हातपाय झाडतो. ह्या आजींचे हात जरासुद्धा हलत नाहीत!" सारे वा वा करायला लागले. माझ्या हातातला बांगड्यांचा डबा खाली पडला. लोक म्हणले, बहिणीच्या आठवणीनं मावशीला भरून आलं.

मग जो तो सांगायला लागला. मी त्या पायरीवर होतो, मी पिंपळाखाली होतो, नर्मदाबाई अशी गेली, बाणासारखी. एक म्हातारा तर हाताचा झोका करून दाखवायलाय. मी म्हणले, "काका, तुमी पाठ करून उभे होता." त्याला राग आला. मला म्हणतो, "तू तवा एवढीशी होतीस, तुला काय आठवायलंय?"

मला सगळं आठवायलंय आक्का, आणि तुलाही. तोंडानं बोलत न्हाईस तर कागदावर तरी वाच.

ती मुंबईची जुनी हिरोईन चिऱ्यावर यायलाच तयार न्हवती. तुझा बांधा तिच्यासारखा, म्हणून तुला तिचं हिरवं लुगडं नेसवलं. पण खरी उडी मारायची असं कधी ठरलंच न्हवतं. आईनं जुन्या वाकळा उसवून बाहुली शिवली. पोटात भुसा आणि वाळू, डोक्याच्या जागी वाळलेला भोपळा. सारखीच दोन हिरवी लुगडी होती, एक तुला, एक तिला.

आणि गावाला कळलं न्हाई ते आसरांमुळं. पाण्यातल्या सात बाया त्या, त्यांची ओटी भरल्याबगर कुणी त्या बारवेत पाय घालत न्हाई. ओटी भरायची तर सगळ्यांनी पाण्याकडं पाठ करायची. पाण्यात पडल्याचा आवाज येईस्तोवर वळायचं न्हाई, वळला त्याला आसरा लागतात. एरवी आवाज नारळाचा असतो. त्या दिवशी बाहुलीचा होता.

तू चिऱ्यावर उभी राहिलीस आणि हात जोडलेस, तेवढं खरं. तेवढंच गावानं बघितलं. आईनं ओटीचं ताट उचललं, अख्ख्या गावानं पाठ फिरवली आणि तू बाजूच्या जिन्यानं खाली ओवरीत उतरलीस. मी तिथं तुझं कोरडं लुगडं घेऊन बसले होते. बारा वर्षांची पोर, मला पाठ फिरव असं कुणी म्हणलंच न्हाई. म्हणून मी बघितलं.

पडक्या कमानीचा खांब पाण्यात उभा हाय. तेव्हा पाणी कमी होतं, त्याचं टोक वीतभर खाली होतं. आईनं वरनं सोडलेली बाहुली बरोबर त्याच्यावर आली. भोपळा फुटला, मान एकीकडं गेली आणि धड एकीकडं तळाला गेलं. तू माझं मनगट इतकं आवळलंस की माझी बांगडी फुटली. मग तू शेवटच्या पायरीवर बुडी मारलीस, गाव वळलं तेव्हा ओली होऊन वर चढायलेलीस आणि एकच गलका झाला. पिक्चरवाल्यांनी आपटायच्या आधीच तुकडा कापला, म्हणून पिक्चरमधे ते दिसत न्हाई.

उडी मारली असं तू कधी तोंडानं म्हणली न्हाईस, हे मला कबूल हाय. गाव म्हणालं आणि तू नुसती हसलीस. आठ दिवसांत दाजी बापाकडं आले. "लगीन करीन तर त्या उडी मारणाऱ्या पोरीशी," म्हणले. एवढं मोठं घर आपणहून दारात आल्यावर बाप काय बोलणार, आई काय बोलणार आणि तू तरी काय बोलणार! मी तुझ्या जागी असते तर मीही गप्प बसले असते. खरं सांगते. सत्काराच्या दिवशी दाजी माईकवर म्हणले, "मी ह्या डोळ्यांनी बघितली," तेव्हा मला हसू आवरलं न्हाई, कारण दाजींची पाठ मी बघितली होती. निळा सदरा होता.

आई मरेस्तोवर म्हणायची, आसरांना पोरगी दाखवली आणि भोपळा दिला. दरवर्षी एकटी जाऊन ओटी भरायची. आता मी जाते. तू त्या बारवेकडं एकदाही फिरकली न्हाईस. माझा आसरांवर विश्वास हाय का न्हाई, मला सांगता येत न्हाई. पण त्या खांबावर माझा विश्वास हाय.

तो खांब आता हिरव्या पाण्याखाली पुरुषभर खोल हाय. मागं बारव साफ केली तेव्हा पायऱ्या धुतल्या, पण आसरांचं पाणी उपसायचं न्हाई म्हणून आत कुणी बघितलं न्हाई. मी आदिनाथला सांगितलं. त्यानं दोराला दगड बांधून एका जागी सोडला, तो खोल गेला. खांब तो केवढा, दोर त्याच्या शेजारनं गेला. पोहणारी दोन माणसं आणि ट्यूब ठेवणार म्हणतो. वर काढायची सोय केलीय, खाली काय हाय ते बघायची न्हाई. मी पुन्हा बोलले तर हसून म्हणाला, "मावशी, तिथं खांब असता तर आजी कशा वाचल्या?"

मी सांगून टाकलं. हो आक्का, सांगितलं. ती वाचली कारण तिनं मारलीच न्हाई, असं भर दुकानात बोलले. काय झालं असंल वळख. सारे हसले. मावशीला नवं काहीच पटत न्हाई, म्हणले. एकजण म्हणाला, बहिणीचं नाव मोठं झालं ते हिच्या पोटात दुखतंय. चहाड्या करायला लोकांना वेळ लागत न्हाई. रामचा फोन आला. तुझा पोरगा, ज्याला मी कडेवर खेळवला, तो म्हणतो, "मावशी, आईची इज्जत चव्हाट्यावर आणू नका. न्हाईतर भक्तीला तुमच्याकडं पाठवणार न्हाई."

भक्ती तेवढी हसली न्हाई. माझ्यासमोर मांडी घालून बसली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "छोटी आजी, तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण आजीनं एकदा म्हणू दे. ती म्हणाली ना, की नव्हती मारली, तर मी चिऱ्यावर चढणार नाही." तिथल्या तिथं तिनं तुला फोन लावला. तू गप्प. मग फोन दाजींनी घेतला आणि गरजले, "मारली म्हणजे काय! मी बघितली की!" पोरगी माझ्याकडं बघून खांदे उडवून उठली.

तेव्हा सगळं तुझ्या एका वाक्यावर आलंय. मी लाख बोलले तरी मी दगडी, जळकी, पिक्चरवेडी. बोलायचं तुलाच हाय. पोस्टावर भरवसा न्हाई म्हणून हे पत्र चिकटवून भक्तीच्याच पिशवीत घालायलेय. ती शेजारच्या खोलीत नव्या पिक्चरचं गाणं गुणगुणत कपड्यांच्या घड्या करायलीय. मला तिच्याकडं बघवत न्हाई.

तुझ्या एका वाक्याची वाट बघणारी,
दगडी


वालूर,
२० नोव्हेंबर, सकाळ

आक्का,

आज नमस्कार नंतर.

काल भक्ती परत आली. मी तिची पिशवी तिच्या हातातनं ओढूनच घेतली आणि तुझी चिठ्ठी शोधली. चिठ्ठी न्हवती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हिरवं लुगडं होतं. तेच. पिक्चरवाल्यांनी तुला दिलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. दाजींनी ट्रंकेतनं काढायला लावलं म्हणे, नात आजीचंच लुगडं नेसून मारंल म्हणून. भक्ती म्हणाली, "आजीनं घडी घालून दिलं. तीनदा मोडून पुन्हा घातली. केवढी हळवी झाली होती!"

तीनदा घडी मोडलीस म्हणजे माझं पत्र वाचलंस. वाचून घडी घातलीस. आक्का, कशी घातलीस गं? तुझ्यावर मी चिडायचं म्हणलं तर चिडताही येईना. तुझे ते हातच डोळ्यांसमोर यायलेत. तू वाईट न्हाईस. तू भितेस. पोरीपेक्षा जास्त त्या एका न मारलेल्या उडीसाठी भितेस, आणि इतकी वर्षं भिऊन भिऊन आता तुला दुसरं काही सुचत न्हाई.

त्या लुगड्याचं जोडलुगडं अजून खाली खांबापाशी हाय, हे पोरीला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

तिला घरात कोंडावं म्हणलं होतं. पण आदिनाथनं काल संध्याकाळीच साऱ्यांना शाळेत मुक्कामाला नेलं. उडीचं काम आज उन्हं कलल्यावर हाय. आज अमावास्या, ओटीचा दिवस, म्हणून गावानं हाच धरला. आणि ऐक, त्या पोराला पाठ फिरवायची रीत कळली, ती त्याला लय आवडली. जुन्या पिक्चरमधे ते न्हवतं, तो नव्यात घालणार हाय. ड्रोन वरनं उडणार, चारी काठांवर माणसं पाण्याकडं पाठ करून उभी राहणार आणि मधे एकटी पोर. "वरनं काय दिसेल मावशी!" म्हणतो. म्हणजे आजही कुणी बघणार न्हाई. एक्याऐंशी साली बघितलं न्हाई, आज बघणार न्हाई, आणि उद्या सारे सांगणार की आमी डोळ्यांनी बघितली.

आई न्हाई, म्हणून ओटी मी भरायची हाय. त्यावरनं मला काही कुणी हटवलं न्हाई. जळकी असले तरी म्हातारी हाय.

मी आठवडाभर दुकान उघडलं न्हाई. बाहुली शिवली. माझी जुनी लुगडी, पोटात भुसा, वाळू आणि लाल चिंध्या. डोक्याला भोपळा गोपाळच्या मळ्यातनं आणला. गोपाळ म्हणजे आपल्या शेजारचा जीपवाला, हे पत्र घेऊन आलाय तोच. आईचा टाका मला येत न्हाई, मान जरा वाकडी झालीय. सुपाखाली झाकून ती ओटीच्या सामानात ठेवलीय. पाठ फिरवायची वेळ आली की मी ओरडून सांगणार हाय, आज फिरवू नका, आज बघा. आसरा मला लागल्या तर लागू देत. आणि चिऱ्यावरनं बाहुली सोडणार. ती आपटली, भोपळा फुटला, लाल चिंध्या वर आल्या की गावाला काही सांगायला लागणार न्हाई. भक्तीला तर न्हाईच न्हाई.

पण पाणी वर हाय. वाळू जास्त भरावी तर मला उचलवत न्हाई, कमी भरली तर ती खांबापर्यंत जाईल का वरच तरंगंल, मला सांगता येत न्हाई. तरंगली तर गाव हसंल. आदिनाथ म्हणंल, "मावशी, झालं का समाधान?" आणि पोरगी चिऱ्यावर चढंल.

तसं झालं तर तिच्या आधी मी चढलेली असंन. ओटी भरणारीची जागाच तिथं हाय, मला कुणी अडवणार न्हाई. मला पोहता येत न्हाई. पण उडी कुठं पडते ते मला ठाऊक हाय. बाहुली चुकंल, मी चुकणार न्हाई. आईनं तुला नदीचं नाव दिलं आणि मला दगडाचं, काहीतरी बघूनच दिलं असंल.

असं लिहिलं म्हणून मी लय धीट हाय असं समजू नकोस. मला भीती वाटायलीय. सकाळपासनं दोनदा चहा केला आणि दोन्हीदा तसाच ओतून दिला. मला मरायचं न्हाई आक्का. संक्रांतीचा माल मी आत्ताच भरून ठेवलाय, काळ्या मण्यांच्या बांगड्या, त्या कोण विकणार? आदिनाथचा पिक्चर कसाही झाला तरी मला बघायचाय, आणि कुठं मीठ कमी पडलं ते त्याला सांगायचंय.

तुझा फोन कालपासनं बंद हाय. राम इकडं येणार हाय. दाजींचा दुसरा डोळा परवाच झाला, पट्टी हाय, म्हणून तुमी दोघं घरी. हे सगळं मला ठाऊक हाय. गोपाळला सांगितलंय, पत्र आक्काच्या हातात दे आणि वाचून होईस्तोवर दारातनं हलू नकोस. तो हललेला न्हाई ना? त्याची जीप तुझ्यासाठीच हाय. पुढची सीट मोकळी ठेवलीय, तुझे गुडघे आखडणार न्हाईत. आत्ता निघालीस तर उन्हं कलायच्या आत पोचतेस.

आल्यावर भाषण करायचं न्हाई. माझ्यासारखी बडबड तुला जमायची न्हाई. चिऱ्यापाशी ये, भक्तीचा हात धर आणि म्हण, "मी मारली न्हवती." बस. दाजी काय म्हणतील ह्याचा विचार वाटेत कर. मला वाटतं, इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला कुणी एका न मारलेल्या उडीसाठी टाकत न्हाई. आणि टाकलंच तर माझ्या घराला दोन खोल्या हायत, एक मी कधीची रिकामी ठेवलीय.

जुन्या पिक्चरमधे ती वर येत न्हाई. नव्यात येते. आदिनाथला वाटतं, शेवट त्यानं बदललाय. ते त्याच्या हातात न्हाई, माझ्याही न्हाई. दार उघडं हाय, गाडी उभी हाय. चपला घाल.

आणि आता नमस्कार. परत घालायला मिळाला तर समोरासमोर घालीन.

तुझी,
त्या दिवशी पाठ न फिरवलेली,
दगडी